रुग्णालयाचे पाच कारभारी

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या माजी सैनिक खात्यातलं एक अंतर्गत पत्रक बाहेर आलं. खात्यातल्या सुमारे ८० हजार नोकऱ्या कमी करायचा विचार त्यात होता. देशभर गदारोळ झाला. जुलैमध्ये खात्यानं जाहीर केलं की एवढी मोठी कपात होणार नाही. निवृत्ती आणि राजीनाम्यांतून सप्टेंबरअखेरीपर्यंत सुमारे ३० हजार माणसं कमी होतील. या बातम्यांमध्ये ‘मेडिकल सेंटर डायरेक्टर’, ‘चीफ ऑफ स्टाफ’, ‘रुग्णालयाचं नेतृत्व’ असे शब्द सारखे येत राहिले. कोणाची बदली झाली, कोणी राजीनामा दिला हे कळतं. पण त्या खुर्च्यांवर बसून ही माणसं नेमकं काय करतात आणि त्याचा खाटेवरच्या म्हाताऱ्या सैनिकाशी काय संबंध, हे काही कळत नाही. या लेखात तेच समजून घेऊ.

माझं मत आधीच सांगून टाकते. सैनिकांचं रुग्णालय चांगलं चालतं की बुडतं, हे बरंचसं एका गोष्टीवर ठरतं: खाली वॉर्डात घडलेली वाईट बातमी वरच्या माणसांपर्यंत जशीच्या तशी पोचते की नाही. इमारत, यंत्रं, पैसा हे सगळं लागतंच, पण ते या गोष्टीच्या नंतर.

व्हीए म्हणजे काय?

‘व्हेटरन’ म्हणजे माजी सैनिक. आपल्याकडे हा शब्द ऐकून काहींना गुरांचे डॉक्टर आठवतात. ते व्हेटरिनरी, ते वेगळे. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी वेगळं सरकारी खातं आहे. त्याचं इंग्रजी आद्याक्षरांचं नाव व्हीए. १९३० मध्ये ते स्थापन झालं आणि १९८९ मध्ये त्याला मंत्रिमंडळात स्वतंत्र स्थान मिळालं. या खात्याची सुमारे १७० मोठी रुग्णालयं आणि हजाराहून जास्त छोटे दवाखाने आहेत. नाव नोंदवलेले माजी सैनिक सुमारे ९० लाख.

अमेरिकेत उपचार म्हटले की विमा कंपनी आणि खाजगी रुग्णालय डोळ्यांपुढे येतं. व्हीएचं तसं नाही. इमारत सरकारची, डॉक्टर आणि नर्स सरकारी पगारावर, औषधं सरकारच्या खरेदीतली. आपल्या जिल्हा रुग्णालयाशी किंवा लष्करी इस्पितळाशी ते जास्त जुळतं. १९४६ पासून या रुग्णालयांची वैद्यकीय महाविद्यालयांशी सांगड घातलेली आहे. त्यामुळे अमेरिकेतल्या बहुसंख्य डॉक्टरांच्या शिक्षणाचा काही काळ तिथे जातो. पुण्या-मुंबईतून एमबीबीएस करून तिकडे रेसिडेन्सीला, म्हणजे पुढच्या प्रशिक्षणाला गेलेल्या अनेकांनी पहिल्या रात्रपाळ्या व्हीएतच काढल्या आहेत.

एवढा पसारा वॉशिंग्टनमधून थेट चालवता येत नाही. इथे आपली एसटी डोळ्यांसमोर आणा. मुंबई सेंट्रलला मुख्यालय, मग विभाग नियंत्रक, मग आगार व्यवस्थापक. व्हीएतही तसंच आहे. वर मंत्री आणि आरोग्य विभागाचे प्रमुख, मधे देशाचे प्रादेशिक विभाग आणि शेवटी प्रत्येक रुग्णालयाचा संचालक. प्रवाशाचा संबंध आगाराशी येतो, मुख्यालयाशी नाही. रुग्णाचंही तसंच.

पाच खुर्च्या

रुग्णालयात सगळ्यात वर बसणाऱ्या गटाला व्हीएच्या बोलीत ‘पेंटॅड’ म्हणतात, म्हणजे पाचांचा गट. छोट्या ठिकाणी चारच असतात, मोठ्या ठिकाणी एखादा जास्त. आपण त्यांना कारभारी म्हणू.

पहिला संचालक. रुग्णालयाच्या बऱ्या-वाईटाचा धनी हाच. अंदाजपत्रक, भरती, वरच्या विभागाला द्यायची उत्तरं, सैनिक संघटनांच्या बैठका, स्थानिक खासदारांचे फोन, सगळं शेवटी त्याच्या टेबलावर येतं. तो डॉक्टर असलाच पाहिजे असं नाही. बरेच संचालक रुग्णालय प्रशासनात मुरलेले असतात, काही जण नर्स किंवा समाजसेवक म्हणून सुरुवात करून वर आलेले असतात.

दुसरा चीफ ऑफ स्टाफ, म्हणजे सगळ्या डॉक्टरांचा प्रमुख. हा स्वतः डॉक्टर असतो. कुठल्या डॉक्टरला कुठली शस्त्रक्रिया करायची परवानगी द्यायची, कुणाच्या कामाची तपासणी करायची, कुणाला थांबवायचं, याची शिफारस त्याच्या अध्यक्षतेखालची समिती करते आणि संचालक त्यावर सही करतो. या सहीचं महत्त्व पुढे एका भयंकर प्रकरणात दिसेल.

तिसरी खुर्ची नर्सप्रमुखाची. आपल्या जुन्या इस्पितळांतल्या मेट्रनबाईंची ही मोठी आवृत्ती. कुठल्या वॉर्डात रात्री किती नर्स, कुठे किती मदतनीस, औषधाच्या ट्रॉलीला कुलूप आहे का, हे सगळं तिच्या अखत्यारीत. रुग्णालयात सर्वांत जास्त माणसं या खुर्चीखाली काम करतात आणि रुग्णाजवळ चोवीस तास असणारीही हीच माणसं.

उरलेले दोघे सहयोगी आणि सहायक संचालक. इमारत, खरेदी, पैसा, सुरक्षा, स्वयंपाकघर, धुलाई, वाहनं, वीज हे त्यांचं खातं.

वाचताना वाटेल की कामं छान वाटली आहेत, आता प्रत्येकानं आपापलं बघितलं की झालं. खरी अडचण इथेच सुरू होते. गुडघा बदलण्याची एक साधी शस्त्रक्रिया घ्या. सर्जन चीफ ऑफ स्टाफच्या हाताखालचा. शस्त्रक्रियागृहातली नर्स नर्सप्रमुखाच्या हाताखालची. निर्जंतुक केलेली हत्यारं, थंड हवेची यंत्रणा, बाहेरून मागवलेला कृत्रिम सांधा या गोष्टी सहयोगी संचालकांच्या अखत्यारीत. सकाळी सर्जन हात धुऊन उभा आहे, रुग्ण रात्रीपासून उपाशी आहे, आणि हत्यारांच्या डब्यावर डाग दिसला म्हणून डबा परत गेला. शस्त्रक्रिया पुढे ढकलली. दोष कुणाचा? प्रत्येक खात्याच्या कागदावर आपापलं काम पूर्ण झालेलं दिसेल. रुग्ण मात्र तसाच घरी जाईल. ही फट फक्त पाचही जण एका टेबलावर बसून एकमेकांशी खरं बोलले तरच बुजते.

वाट पाहण्याचे दिवस शून्य कसे होतात

आता त्या वाईट बातमीकडे येऊ. ती वर चढताना बदलते कशी, हे समजायला एक आकडा पुरेसा आहे: डॉक्टरची भेट मिळायला किती दिवस लागले.

२०११ च्या सुमाराला व्हीएनं ठरवलं की रुग्णाला हवी असलेल्या तारखेपासून १४ दिवसांत भेट मिळाली पाहिजे. हेतू चांगलाच होता. पण हा आकडा अधिकाऱ्यांच्या वार्षिक मूल्यमापनात आणि बक्षिसांत जाऊन बसला. डॉक्टर तेवढेच, अफगाणिस्तान-इराकहून परतलेले तरुण सैनिक वाढलेले, व्हिएतनामचे सैनिक म्हातारे झालेले. १४ दिवसांत भेट देणं अनेक ठिकाणी शक्यच नव्हतं. मग आकडा पाळण्याची एक युक्ती पसरली.

गणपतीला कोकणात जायचंय म्हणून तुम्ही रेल्वेच्या खिडकीवर गेलात असं समजा. कारकून संगणकात बघतो आणि सांगतो, “दिवाळीनंतरचं मिळेल.” नाइलाजानं तुम्ही हो म्हणता. मग तो पडद्यावर मागे जातो आणि ‘प्रवाशाला हवी असलेली तारीख’ या रकान्यात दिवाळीनंतरचीच तारीख भरतो. नोंदीत काय दिसतं? तुम्हाला हवं त्याच दिवशीचं तिकीट मिळालं. प्रतीक्षा शून्य दिवस. गणपती घरी बसवून, आरती करून, विसर्जनही होऊन गेलं, पण रेल्वेच्या नोंदीत तुम्ही एकही दिवस थांबला नाहीत.

व्हीएच्या रुग्णालयांत अपॉइंटमेंट देणाऱ्या कारकुनांकडून नेमकं हेच होत होतं. कुणी तरी वरून सांगितलेलं असे, कुणी शेजारच्याचं बघून शिकलेलं असे. मुख्यालयाला याची कल्पना नव्हती असंही नाही. एप्रिल २०१० मध्येच वॉशिंग्टनहून सगळ्या विभागांना एक पत्रक गेलं होतं. आकडे झाकण्याच्या अशा युक्त्या त्यात एकेक करून लिहिल्या होत्या आणि त्या बंद करा असं बजावलं होतं. तरी चार वर्षं तेच चालू राहिलं. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त वाईट याचं वाटतं. रोग माहीत होता, नाव माहीत होतं, औषध लिहून दिलं होतं, आणि दिलं कुणीच नाही.

फीनिक्स, २०१४

ॲरिझोना राज्यातल्या फीनिक्स शहरात व्हीएचं मोठं रुग्णालय आहे. तिथे अनेक वर्षं काम करून २०१३ च्या अखेरीला निवृत्त झालेले डॉ. सॅम फूट यांनी तपास महानिरीक्षकांना पत्रं लिहिली. महानिरीक्षक म्हणजे खात्यातच असलेलं, पण खात्याच्या कारभाऱ्यांच्या हुकुमाबाहेरचं तपासणी कार्यालय. त्याच रुग्णालयातल्या डॉ. कॅथरीन मिचेल यांनीही आवाज उठवला. एप्रिल २०१४ मध्ये हे प्रकरण अमेरिकन संसदेच्या समितीत आणि मग सीएनएनवर आलं.

आपल्याकडे किराणा दुकानात कच्ची वही आणि पक्की वही असते. कच्च्या वहीत घाईघाईनं टिपायचं, रात्री पक्क्या वहीत उतरवायचं. फीनिक्समध्ये नव्या रुग्णांची नावं संगणकातल्या अधिकृत प्रतीक्षायादीत गेलीच नव्हती. ती कागदांवर, छापून काढलेल्या पानांवर पडून होती. पक्की वही म्हणून वर जाणाऱ्या यादीत ती नसल्यामुळे वर जाणारा आकडा सुंदर दिसत होता.

२८ मे २०१४ रोजी महानिरीक्षकांचा पहिला अहवाल आला. १,७०० माजी सैनिक डॉक्टरची वाट बघत होते आणि अधिकृत यादीत त्यांची नावंच नव्हती. रुग्णालयानं कळवलं होतं की नव्या रुग्णाला पहिली भेट मिळायला सरासरी २४ दिवस लागतात. तपासणीत घेतलेल्या २२६ जणांच्या नमुन्यात ती सरासरी ११५ दिवस निघाली. दोनच दिवसांनी माजी सैनिक खात्याचे मंत्री एरिक शिन्सेकी यांनी राजीनामा दिला. ते स्वतः व्हिएतनाममध्ये जखमी झालेले निवृत्त लष्करप्रमुख होते.

जूनमध्ये देशभरातल्या ७३१ ठिकाणांची तपासणी झाली. पहिल्या भेटीसाठी ९० दिवसांहून जास्त थांबलेले ५७ हजार निघाले. दहा वर्षांत नाव नोंदवून एकदाही भेट न मिळालेले ६४ हजार होते. अपॉइंटमेंट देणाऱ्या कर्मचाऱ्यांपैकी १३ टक्क्यांनी सांगितलं की रुग्णानं मागितलेली तारीख सोडून दुसरी भरायला आम्हाला सांगितलं होतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण ती अर्धवट सांगितली जाते. वाट बघता बघता ४० जण मेले अशी बातमी तेव्हा जगभर गेली. ऑगस्टमधल्या अंतिम अहवालात महानिरीक्षकांनी ३,४०९ रुग्णांची प्रकरणं तपासली. उपचारात गंभीर उशीर झाल्याची २८ प्रकरणं त्यांना सापडली आणि त्यांतले ६ जण मरण पावले होते. पण उशिरामुळेच हे मृत्यू झाले, असं ठामपणे म्हणता येत नाही असंही त्यांनी लिहिलं. त्यामुळे दोष हलका होत नाही. पण कुठे काय चुकलं हे नेमकं कळायचं असेल तर आकडा नेमका पाहिजे, आणि तो दोन्ही बाजूंनी नेमका पाहिजे.

कारभारी एकमेकांशी बोलले नाहीत तर

फीनिक्समध्ये लोकांचा वेळ गेला. पुढची दोन प्रकरणं त्याहून भयंकर आहेत. इथे तर पाच खुर्च्यांमधली फटच माणसांच्या जिवावर उठली.

आर्कान्सा राज्यातल्या फेएटव्हिल इथल्या व्हीए रुग्णालयात पॅथॉलॉजी विभागाचा प्रमुख दारूच्या नशेत काम करायचा. गाठीचा तुकडा काचपट्टीवर घेऊन तो कॅन्सर आहे की नाही हे ठरवणारा हा माणूस. एकदा पकडला गेला, व्यसनमुक्तीला पाठवला, परत आला. नंतर चाचणीत सापडू नये म्हणून तो एक वेगळंच रसायन पिऊ लागला. त्याच्या हातून गेलेली जवळजवळ ३४ हजार प्रकरणं पुन्हा तपासली तेव्हा ३ हजारांहून जास्त चुका निघाल्या. त्यांतल्या ५८९ गंभीर होत्या. मग इतकी वर्षं त्याचं काम तपासलं कुणी? त्याच्या हाताखालच्या डॉक्टरनं. म्हणजे मुख्याध्यापकांचा पेपर शाळेतल्याच शिक्षकानं तपासायचा. कर्मचाऱ्यांना संशय होता, पण सूड घेतला जाईल या भीतीनं अनेकांनी तो वर सांगितला नाही. त्या डॉक्टरला जानेवारी २०२१ मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. डॉक्टरच्या परवानगीची आणि तपासणीची व्यवस्था ही चीफ ऑफ स्टाफ आणि संचालकांची जबाबदारी, हे मी आधी म्हटलं ते यासाठी.

दुसरं प्रकरण वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गचं. तिथल्या ३ए या वॉर्डात रात्रपाळीला असलेल्या एका नर्सिंग असिस्टंट बाईनं २०१७-१८ मध्ये रुग्णांना चोरून इन्सुलिन टोचलं. सात माजी सैनिकांच्या खुनांची कबुली तिनं दिली. तिला औषध द्यायचा अधिकारच नव्हता. तरी इन्सुलिन हाती लागलं, कारण औषधांची खोली आणि ट्रॉल्या उघड्या राहायच्या. नोकरीला घेताना तिच्या मागच्या कामाची नीट चौकशी झाली नव्हती. एका डॉक्टरनं रात्री अचानक साखर घसरलेला रुग्ण पाहिला, दुसऱ्यानं दुसरा पाहिला. प्रत्येक जण आपापल्या रुग्णापुरता उपचार करत राहिला. एकाच वॉर्डात, एकाच पाळीत हे पुन्हा पुन्हा होतंय हे जोडून बघायला जवळजवळ वर्ष गेलं.

इथे पाचही खुर्च्यांचा धागा सापडतो. भरती एका खुर्चीची, कुलूप दुसरीचं, डॉक्टरांनी नोंदवलेली विचित्र घटना तिसरीची. एकेकटी बघितली तर तीन किरकोळ चुका. एका कागदावर लिहिल्या असत्या तर कुणाच्याही अंगावर काटा आला असता.

“मग संचालक डॉक्टरच नेमा ना!”

हा आक्षेप सगळ्यात आधी येतो आणि तो रास्त वाटतो. पण फेएटव्हिलचा पॅथॉलॉजी प्रमुख डॉक्टर होता, त्याला तपासणारा डॉक्टर होता आणि त्यांच्यावरचा चीफ ऑफ स्टाफही डॉक्टर. डॉक्टरनं डॉक्टरला अडवणं किती अवघड असतं हे आपल्या कॉलेज-रुग्णालयांत वावरलेल्या कुणालाही विचारा. संचालकाला वैद्यकशास्त्र थोडं तरी समजायला हवं, हे खरं. त्याहून जास्त हवं ते समोरच्या नर्सला किंवा कारकुनाला “साहेब, हे चुकतंय” म्हणता येईल असं वातावरण. ते पदवीतून येत नाही. संचालक सकाळी वॉर्डात फिरतो का, फिरला तर कुणाशी बोलतो, आणि कुणी तक्रार केली तर आठवड्यानं त्या माणसाला उत्तर मिळतं की बदली, यातून ते तयार होतं.

“दोषी असेल त्याला तडकाफडकी घरी पाठवा”

अमेरिकेनं नेमका हाच प्रयत्न केला. ऑगस्ट २०१४ मध्ये एक कायदा झाला. मोठ्या अधिकाऱ्यांना झटपट काढता यावं, त्यांच्या दादमागणीचा निकाल एकाच न्यायाधीशानं तीन आठवड्यांत द्यावा आणि तो अंतिम असावा, असं त्यात ठरलं. फीनिक्सच्या संचालिकांना नोव्हेंबरमध्ये काढलं. प्रकरण उभं राहिलं तेव्हा प्रतीक्षायादीचा आरोप पुरेसा सिद्ध करता आला नाही. एका लॉबीइस्टकडून (पैसे घेऊन सरकारदरबारी इतरांची बाजू मांडणाऱ्याकडून) घेतलेल्या आणि लपवलेल्या भेटवस्तूंवरून त्यांची बडतर्फी टिकली. त्यावर त्यांनी दाद मागितली आणि मे २०१७ मध्ये वरच्या न्यायालयानं कायद्याचा तोच भाग घटनाबाह्य ठरवला. पुढच्याच महिन्यात नवा कायदा करावा लागला. त्यात तक्रार करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या संरक्षणासाठी वेगळं कार्यालयही आलं.

मला वाटतं, कायदा घाईत झाला म्हणूनच अडकला. पण मोठा धडा दुसरा आहे. माणूस काढल्यावर खुर्ची रिकामी राहते. फीनिक्समध्ये त्यानंतर एकामागून एक हंगामी संचालक आले. हंगामी माणूस मोठा निर्णय घेत नाही. घेतला तर तो पुढच्याला मान्य होईल का याची खात्री नसते. म्हणूनच महानिरीक्षकांची माणसं एखाद्या रुग्णालयाची तपासणी करायला जातात तेव्हा इतर गोष्टींबरोबर हेही बघतात: पाच खुर्च्यांपैकी किती भरलेल्या आहेत, आणि हे पाच जण एकत्र किती दिवस काम करताहेत. वरवर किरकोळ वाटणारी ही माहिती. पण आधीच्याचं टेबल आवरून दुसरा बसला की वॉर्डातल्या नर्सला पुन्हा शून्यापासून सांगावं लागतं की लिफ्ट सहा महिने बंद आहे.

“सरकारला जमत नाही तर खाजगीकडे द्या”

काही प्रमाणात हे झालंच आहे. २०१८ च्या कायद्यानुसार नेहमीच्या डॉक्टरसाठी २० दिवसांपेक्षा जास्त थांबावं लागत असेल किंवा गाडीनं ३० मिनिटांपेक्षा जास्त लांब जावं लागत असेल, तर सैनिक व्हीएच्या खर्चानं बाहेर दाखवू शकतो. विशेषज्ञासाठी हेच आकडे २८ दिवस आणि ६० मिनिटं.

पण खाजगी म्हणजे झटपट, हे खरं नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोठ्या शहरांमधली २०१७ ची प्रतीक्षा मोजली होती. व्हीएमध्ये नव्या भेटीला सरासरी १८ दिवस लागत होते आणि खाजगीत ३०. हाडांच्या डॉक्टरसाठी मात्र व्हीएतच जास्त थांबावं लागत होतं. दुसरा अभ्यास अर्थशास्त्रज्ञांचा. रुग्णवाहिकेतून नेलेल्या वयस्क माजी सैनिकांमध्ये व्हीएत पोचलेल्यांचं २८ दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण खाजगीत पोचलेल्यांपेक्षा ४६ टक्क्यांनी कमी निघालं. म्हणजे व्हीएमध्ये वाईट कारभाराची रुग्णालयं सापडली, तरी ती व्यवस्था मुळात वाईट नाही. एकाच नियमांखाली, एकाच पगारश्रेणीत एक रुग्णालय उत्तम चालतं आणि दुसरं बुडतं, त्या अर्थी फरक नियमांच्या बाहेर कुठे तरी आहे.

सकाळची पंधरा मिनिटं

२०१९ पासून व्हीएनं विमान कंपन्यांकडून उचललेली एक पद्धत १८ रुग्णालयांत सुरू केली आणि मग ती पसरवली. तिचा सगळ्यात साधा आणि मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे रोजची उभ्या उभ्या होणारी छोटी बैठक. तिला तिथे ‘हडल’ म्हणतात. आधी वॉर्डात: आज किती माणसं कमी, कुठलं यंत्र बंद, काल काय होता होता राहिलं. तिथे न सुटलेलं विभागाच्या बैठकीत जातं, तिथे न सुटलेलं त्याच सकाळी पाच कारभाऱ्यांपुढे येतं. पाचही जण एकच गोष्ट एकाच वेळी ऐकतात. ‘मला कुणी सांगितलंच नाही’ असं म्हणायला जागा राहत नाही.

यात ‘काल काय होता होता राहिलं’ हा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे. चुकीची गोळी रुग्णाच्या हातात गेली, पण नर्सनं वेळेवर बघितली, असं काहीतरी. नुकसान झालं नाही म्हणून आपण ते विसरतो. चांगला कारभारी तेच विचारतो.

खालून वर जाणाऱ्या वाटेनं वाईट बातमीच जाते असं नाही. १९९० च्या दशकात कॅन्सस राज्यातल्या टोपिका इथल्या व्हीए रुग्णालयातली एक नर्स, सू किनिक, भाड्याची गाडी परत करायला गेली. तिथल्या माणसानं गाडीवरची बारकोडची पट्टी यंत्रानं वाचली आणि क्षणात सगळा हिशेब समोर आला. तिच्या मनात आलं, गाडीसाठी हे होतं तर औषधासाठी का नाही? रुग्णाच्या मनगटावरची पट्टी वाचायची, औषधावरची पट्टी वाचायची आणि जुळलं तरच द्यायचं. रुग्णालयानं तिला ते करून बघू दिलं. पुढे ही पद्धत व्हीएच्या सगळ्या रुग्णालयांत गेली आणि आज आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांतही सिस्टर मनगटाची पट्टी वाचताना दिसते.

आपल्याकडे काय?

भारतात माजी सैनिकांसाठी अशी वेगळी रुग्णालयांची साखळी नाही. १ एप्रिल २००३ पासून ईसीएचएस ही योजना आहे. वर्गणी एकदा भरायची, मग देशभरातल्या चारशेहून अधिक पॉलिक्लिनिकमध्ये उपचार, आणि मोठं काही असेल तर तिथून चिठ्ठी घेऊन लष्करी इस्पितळात किंवा योजनेत सामील खाजगी रुग्णालयात. पुणे, मुंबई आणि नागपूरला तिची प्रादेशिक केंद्रं आहेत. सातारा-कोल्हापूरच्या गावांतून निवृत्त हवालदार, सुभेदार पहाटेच्या एसटीनं पॉलिक्लिनिक गाठतात. गळ्यात कार्ड, प्लास्टिकच्या पिशवीत जुने रिपोर्ट, सोबत बहुतेक वेळा बायको. दहाच्या आत नंबर लागला तर दुपारची गाडी मिळते.

पाच खुर्च्यांचा प्रश्न लहान आकारात इथेही आहे. पॉलिक्लिनिकचा कारभार पाहणारा प्रभारी अधिकारी बहुधा निवृत्त लष्करी अधिकारी असतो, डॉक्टर वेगळे, कंत्राटावर. वर स्टेशन हेडक्वार्टर (त्या ठाण्याचं लष्करी मुख्यालय), त्यावर प्रादेशिक केंद्र, त्यावर दिल्ली. औषध संपलं की डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात, प्रभारी मागणी पाठवतात, खरेदी तिसरीकडे होते. खाजगी रुग्णालयांची बिलं थकली की ती चौथ्याच टेबलावर थकलेली असतात, आणि रुग्णाला मात्र खिडकीवर एवढंच कळतं की इथे कार्ड चालत नाही.

म्हणून तुमच्या घरात ईसीएचएसचं कार्ड असेल, तर पुढच्या वेळी औषध नसेल तेव्हा नुसतं “पुन्हा या” ऐकून परत येऊ नका. औषधाचं नाव आणि तारीख घालून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. फीनिक्समधल्या त्या १,७०० माणसांकडे हीच एक गोष्ट नव्हती: पक्क्या वहीत आपलं नाव.